एक माणूस जादा

"आणि एक जादा."

खाला काहीही मोजायला लागली की शेवटी हे तीन शब्द यायचेच. बसच्या दारात उभी राहून, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत ती मुली मोजायची आणि मोजून झाल्या की ड्रायव्हरला सांगायची, "चाचा, दस हो गये. आणि एक जादा." समोशांची पाकिटं सांगताना तेच, लायब्ररीत खुर्च्या मांडताना तेच, टीमच्या जर्सी शिवायला टाकताना तेच. शिंपी म्हणायचा, आपा, टीम तर बाराची आहे. ती म्हणायची, मग तेरा शिव.

हा जादा माणूस कोण, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"आमच्याकडे तांदूळ मापून झाले की वर एक मूठ घालायची रीत आहे, बाय," ती म्हणाली. "आयत्या वेळी कोण आलं तर?"

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर सकाळी फोडणीचा होतो. भात कधी वाया जातो का?"

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल. कामातलं तिला फारसं कळत नाही आणि तरी तिच्यावाचून कोणाचं पान हलत नाही. अशा बायकांबद्दल लोक फार प्रेमाने लिहितात. मीही प्रयत्न करते, पण आधीच सांगून ठेवते की मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत.

आमचं विद्यापीठ दुबईच्या उत्तरेला, रास अल खैमातलं. सरकारी, पण इतकं लहान की दुबईत नाव सांगितलं तर लोक "कुठे आहे हे?" असं विचारायचे. माझा नवरा तिथल्या टाइल्सच्या फॅक्टरीत इंजिनियर, आणि मी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसात. कोणत्या विद्यार्थ्याने किती विषय घेतलेत, कोण पात्र, कोण अपात्र, हे बघून शिक्का मारायचा, हे माझं काम. आणि खाला होती लायब्ररीत. पुस्तकं लावायची, आवाज करणाऱ्यांना डोळ्यांनी दटावायची. मूळची दापोलीकडची. नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. काळा अबाया, आणि त्याखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, कारण तिचा उजवा गुडघा दुखायचा. अख्खं विद्यापीठ तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं, डीनसुद्धा. मी मुद्दाम "मॅडम" म्हणायचे. ती मात्र मला पहिल्या दिवसापासून "अगं बाय" म्हणत अरेतुरेवर आली होती. त्याचाही मला राग होता.

आता हेव्याचं कारण. मी सांगलीची. कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळायचे, नुसतं खेळायचे नाही, विद्यापीठाच्या टीममध्ये होते. माझी सर्व्हिस उचलायला समोरच्या मुली घाबरायच्या. मग लग्न झालं, मुलगी झाली, इकडे आलो, आणि चेंडूला हात लागला नाही. आमच्या विद्यापीठाने मुलींची व्हॉलीबॉल टीम काढायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, आता आपल्यालाच बोलावणार. मी नवी ट्रॅकपँट आणून कपाटात ठेवली होती. आणि टीमची इन्चार्ज झाली कोण? खाला. जिला सर्व्हिस म्हणजे गाडीची माहीत होती.

कारण सोपं होतं, पण मला ते पटायला फार वर्षं लागली. मुलींना खेळायला शिकवणारं कोणीही मिळालं असतं. मुलींना शारजा, दुबई, अल ऐनला मॅचसाठी जाऊ देणारे आईबाप मिळत नव्हते. खालाने प्रत्येकीच्या आईला फोन केला. अरबी तोडकंमोडकं, हिंदी अस्सल रत्नागिरीचं, पण आया ऐकायच्या. एका सुदानी आईकडे ती तीनदा जेवून आली. चौथ्यांदा त्यांच्या घरच्यांनीच सांगितलं, खलास, झालं, घेऊन जा पोरीला, तुझ्याबरोबर असेल तर काळजी नाही.

मला हे जमलं नसतं. मी एकदा फोन करून नियम समजावून सांगितले असते आणि पुढच्या कामाला लागले असते.

मुलींची टीम हा काही शोभेचा भाग नव्हता. विद्यापीठांची एक लीग होती, तिच्यात आम्ही कसेबसे शिरलो होतो. लीगचा नियम असा की मुलांच्या टीमबरोबर मुलींचीही टीम हवी. आणि एका वर्षात दोन सामने न खेळता सोडून दिले, म्हणजे वॉकओव्हर दिला, की सभासदत्व रद्द. सरकारकडून खेळांसाठी अनुदान मिळायचं ते लीगमध्ये असलेल्यांनाच. त्या अनुदानावरच बस, हॉलचं भाडं, मुलींची फी-सवलत आणि खालाचा अर्धा पगार चालायचा. मोठ्या विद्यापीठांना याचं काही वाटायचं नाही. आमच्यासारख्यांचं सगळं त्या एका धाग्यावर होतं.

सामन्याच्या दिवशी बस माझ्या खिडकीखालीच उभी राहायची. खाला खालून हाक मारायची, "बाय, येतेस? तू ये गं, मला काय कळतंय त्यातलं!"

"काम आहे, मॅडम," मी वरून म्हणायचे. चार-पाच वर्षांत तिने किती वेळा विचारलं असेल आणि मी किती वेळा नाही म्हटलं असेल, देव जाणे. तिच्या हाताखाली चेंडू उचलायला जायचं? त्यापेक्षा फायली बऱ्या. बस गेली की मी खिडकी लावून घ्यायचे आणि चहा प्यायचे.

घरी मी कुरकुर करायचे. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. मी मराठीत बोलायचे आणि ती फोनमधून डोकं न काढता इंग्रजीत उत्तरं द्यायची. एकदा म्हणाली, "मॉम, यू आर जस्ट जेलस." मी तिला ताटावरून उठवणार होते, पण तिचा बाप हसायला लागला, आणि मग काय बोलणार.

मग ती मंदी आली. दुबईत क्रेनी थांबल्या म्हणतात, पण आमच्याकडे ती यादीत दिसली. माझ्या यादीत. रोज दोन-चार नावं कमी व्हायची. कोणाच्या वडिलांची कन्स्ट्रक्शन कंपनी बंद, कोणाचा व्हिसा कॅन्सल, महिन्याभरात घर आवरून गावी. दुपारी दरवाजात एखादी मुलगी उभी राहायची, हातात फॉर्म, आणि "मॅम, विथड्रॉवल" एवढंच म्हणायची. व्हॉलीबॉलच्या बारा मुली सप्टेंबरात होत्या. फेब्रुवारीत सहा उरल्या. बरोबर सहा, म्हणजे कोर्टवर जितक्या लागतात तितक्याच. त्यात नोव्हेंबरात दाट धुक्यात बस अडकली होती आणि एक सामना आधीच हातचा गेला होता. आणखी एक वॉकओव्हर झाला असता तर लीग गेली, अनुदान गेलं.

त्याच महिन्यात सरकारी खात्याची माणसं अनुदान चालू ठेवायचं का ते बघायला आली. डीनने त्यांच्यासमोर खालाची इतकी स्तुती केली की मला चहा कडू लागला. आणि स्तुती संपल्यावर ही बया माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "मला काय विचारता? खरी खेळाडू ती आहे. तिला विचारा!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी जाड भिंगांचा चष्मा लावून, पंजाबी ड्रेसवर शाल घेऊन बसले होते, एसी फार होता म्हणून. लोक हसले. वाईट हेतूने नाही हसले, पण हसले. खालासुद्धा हसली. मी त्या क्षणी ठरवलं असं म्हणणार नाही, पण माझ्यात काहीतरी आकसलं ते खरं.

आता पुढचं सांगते. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

सहा मुलींमधली एक ती सुदानी मुलगी. उंच, टीमची सेटर, म्हणजे सगळा खेळ तिच्या हातून चालायचा. वडिलांचं काम सुटलं म्हणून तिने फी वाचवायला एक विषय सोडला, आणि लीगमध्ये खेळायला टर्मला जेवढे क्रेडिट घ्यावे लागत, त्यापेक्षा तिचे एकाने कमी झाले. हे मला सोमवारी दिसलं. विषय वाढवायची मुदत गुरुवारपर्यंत होती. आणि आमच्याकडे एक क्रेडिटचा एक कोर्स होता, लायब्ररी कशी वापरावी याचा, त्याला फी नव्हती. अशा अडलेल्या मुलांना मी स्वतः बोलावून तो कोर्स द्यायचे. दर टर्मला द्यायचे.

या वेळी मी बोलावलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी ती मुलगी कॉरिडॉरमध्ये मला "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणाली. गुरुवारी मुदत संपली. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी ऑफिस उघडल्यावर मी नियमाप्रमाणे पत्र टाइप केलं, सदर विद्यार्थिनी अपात्र, आणि शिक्का मारून लायब्ररीत पाठवून दिलं. मंगळवारी शारजात सामना होता. मी स्वतःला सांगत होते, मी काय केलं? नियम मी बनवलाय का?

खालाने पत्र वाचलं असणार. ती वर आली नाही, भांडली नाही. मंगळवारी बस खिडकीखाली उभी राहिली तेव्हा तिने नेहमीसारखी हाक मारली, "बाय, येतेस?" मी खिडकीशी गेलेच नाही. तिचं मोजणं मात्र ऐकू आलं. "पाच. आणि एक जादा." मला वाटलं, आता घे तुझा जादा माणूस.

दुसऱ्या दिवशी सामन्याचा कागद सहीसाठी माझ्या टेबलावर आला. आम्ही सरळ तीन सेटमध्ये हरलो होतो. हरलो होतो, म्हणजे खेळलो होतो. मी खेळाडूंची नावं वाचत खाली गेले. पाच मुली, आणि सहावं नाव खालाचं. जर्सी नंबर तेरा.

तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे? मीही तेच म्हटलं. मग फाइल काढली. विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांना शिकायला फी माफ होती, म्हणून खाला दर टर्मला चार विषयांत नाव घालायची आणि दोनात पास व्हायची. तिच्या ॲडमिशन फॉर्मवर शिक्का मारताना मी दर वेळी हसायचे, या वयात हिला डिप्लोमा करायचाय म्हणून. आणि दर सप्टेंबरात लीगला जाणाऱ्या खेळाडूंच्या यादीत बारा मुलींखाली तेरावं नाव ती स्वतःचं लिहायची. मी ते तिचं नेहमीचं खूळ समजून सही करायचे. ती यादी समोर होती, सही माझी होती. नियमात वयाची अट नव्हती. मी तीनदा वाचून पाहिलं.

मुलींनी मग मला सगळं सांगितलं, हसत, रडत, एकमेकींची वाक्यं तोडत. पूर्ण बाह्यांच्या टीशर्टवर जर्सी, डोक्याला घट्ट स्कार्फ, गुडघ्याला पट्टा. खाला कोर्टच्या कोपऱ्यात हात जोडल्यासारखे धरून उभी. चेंडू आला की ती डोळे मिटायची. समोरच्या टीमच्या मुली आधी हसत होत्या, मग त्यांनी तिच्याकडे चेंडू मारायचंच सोडलं. पण व्हॉलीबॉलमध्ये जागा फिरते, सर्व्हिस प्रत्येकीवर येते. तिच्यावर आली. तिने "बिस्मिल्ला" म्हणून चेंडू खालून मारला, तो जाळीत गेला. पुन्हा आली, पुन्हा जाळीत. तिसऱ्या सेटमध्ये एक सर्व्हिस जाळीच्या वरच्या पट्टीला घासून पलीकडे पडली, आणि समोरच्या कोणाला ती उचलायचं सुचलंच नाही. एक पॉइंट. म्हणे पूर्ण हॉल उभा राहिला, समोरच्या टीमसकट.

मला लाज वाटली असं इथे लिहायला छान वाटलं असतं. वाटलीच, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. माझ्या हातात खरी सर्व्हिस होती, आणि वीस वर्षांत मी कोर्टवर पाय ठेवला नव्हता. ही गुडघेदुखीची बाई डोळे मिटून खेळून आली, तिला हॉलने टाळ्या दिल्या, आणि तिला तिथे पोचवलं कोणी? मी.

त्याच दुपारी ती लंगडत वर आली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"बाय, ती एक क्रेडिटची लायब्ररी असते ना, बिनाफीची. पुढच्या टर्मला पोरीला आठवणीने त्यात घाल."

तो कोर्स लायब्ररीतच चालायचा. हजेरी तीच घ्यायची. दर टर्मला मी पाठवलेल्या मुलांची यादी तिच्याच हातात पडायची. या वेळी त्यात कोणाचं नाव नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी तिच्याकडे बघितलं नाही. "राहून गेलं, मॅडम," म्हणाले. "कामाच्या गडबडीत."

"राहतं गं," ती म्हणाली. "एवढी पोरं जातायत, तू एकटी किती बघशील?" मग तिने माझ्या टेबलाला धरून गुडघा सरळ केला आणि जिना उतरून गेली.

त्या वर्षी लीग टिकली. अनुदान आलं, अर्धं आलं, पण आलं. पुढच्या वर्षी मात्र वरून कागद आला की खर्च कमी करा, दोन जागांची एक करा. लायब्ररीतली ती जागा गेली. खेळ आणि विद्यार्थ्यांची कामं मिळून एक नवीन पद झालं, त्याला पदवी, निदान डिप्लोमा हवा होता. खालाच्या डिप्लोमाचे अजून तीन विषय राहिले होते. पद मला मिळालं.

जे हवं होतं ते मिळालं, बघा. कपाटातली ट्रॅकपँट काढली तर ती कमरेला बसेना.

तिच्या नवऱ्याचं दुकान आधीच बंद पडलं होतं, ती दोघं गावी निघाली. निरोपाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये केक कापला. मुलींना रडू आवरेना. खालाने मला बाजूला घेऊन एक जुनी डायरी दिली. त्यात सगळ्या आयांचे फोन नंबर होते, आणि प्रत्येकीपुढे तिच्या वाकड्या अक्षरात काहीतरी. "हिला दुपारी करू नको, झोपते." "हिच्याशी आधी जेवणाचं बोल." "हिचा बाप तापट, पण आईचं ऐकतो."

मी तिला सांगायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणाले, "थँक यू, मॅडम." ती म्हणाली, "इन्शाल्ला, चांगलं होईल." विमानतळावर अर्धं विद्यापीठ गेलं होतं. मी गेले नाही. टर्म सुरू व्हायची होती, याद्या लावायच्या होत्या.

पहिला सामना अल ऐनला होता. मी धीर करून आयांना फोन लावायला घेतले. पहिल्याच आईने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, खाला सांगून गेलीय, आता येणारी खरी खेळाडू आहे, बिनधास्त पाठवा. दुसरीने तेच सांगितलं, तिसरीनेही तेच. जाण्याआधी तिने एकूण एक घरी फोन केले होते. म्हणजे परवानगीही तिच्याच नावावर मिळाली. तेव्हाही मला आधी थोडं झोंबलंच, खोटं कशाला सांगू.

सामन्याच्या सकाळी मी बसच्या दारात उभी राहून मुली मोजल्या. नऊ. सगळ्यांत पुढे, ड्रायव्हरच्या मागे, दोन सीट होत्या. खिडकीकडची खालाची, हे मला वरून बघून माहीत होतं. मी तिथे बसायला गेले, तर पेशावरचा म्हातारा चाचा आरशातून म्हणाला, "मॅडम, आप की सीट वो नहीं. बाजूवाली."

"मेरी सीट?" मी म्हटलं.

"हां. खाला किसी को उधर बैठने नहीं देती थी. बोलती थी, ऊपरवाली मॅडम कभी भी आ जाएगी." मग म्हणाला, "समोसा भी रखती थी आप का. वापस आते टाइम मुझे दे देती थी."

मुली मागे गाणी लावत होत्या. मी तिथेच उभी होते. चाचाने दोनदा आरशात पाहिलं.

मग मी खाली उतरले आणि कॅन्टीनमधून एक पाकीट आणखी घेऊन आले. बाजूच्या सीटवर, माझ्या सीटवर बसले. ते पाकीट खिडकीकडच्या सीटवर ठेवलं.

"चलें, मॅडम? सब हो गये?"

"नऊ," मी म्हणाले. "आणि एक जादा."